कंपाउंडरची हवा

जगात जे जे बिघडतं ते वॉशर गेल्यामुळेच बिघडतं, अशी त्याची पक्की समजूत होती. म्हणून त्याला सगळे वॉशरच म्हणत. नळ गळतोय, वॉशर गेला. कुकरची शिटी होत नाही, वॉशर गेला. शेजारच्या नवराबायकोचं पटेनासं झालं तेव्हाही त्याने गंभीरपणे मान हलवून हेच निदान केलं होतं, आणि ते ऐकून त्या दोघांना हसू फुटलं, भांडण तेवढ्यापुरतं मिटलं. उभा जन्म त्याने फ्रिज दुरुस्त करण्यात घालवला. लग्न केलं नाही. कधी करणार, असं कोणी विचारलं की म्हणायचा, ‘बघतो.’ हा त्याचा दुसरा आवडता शब्द. गिऱ्हाइकाने ‘होईल ना दुरुस्त?’ असं काकुळतीने विचारलं तरी उत्तर तेच. त्यात होही नसतं आणि नाहीही नसतं, आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाला एवढा सोयीचा शब्द दुसरा सापडायचा नाही.

जिवाभावाचा म्हणावा असा त्याला एकच मित्र, कंपाउंडर. दवाखान्यात पुड्या बांधण्यात आणि बाटल्यांवर कागद चिकटवण्यात त्याची हयात गेली होती. दवाखाना केव्हाच बंद पडला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दोघांची गाठ पडली ती एका जुन्या एअरगनमुळे. कंपाउंडरने ती भंगारातून उचलून आणली होती, आणि तिचा छर्रा नळीतून जेमतेम बाहेर येऊन पायाशी पडत होता. ती काखोटीला मारून तो फ्रिजवाल्याच्या दारात उभा राहिला. फ्रिजवाल्याने नेहमीचं निदान केलं आणि यावेळी ते शंभर टक्के बरोबर निघालं. आतला चामड्याचा वॉशर वाळून कडक झाला होता. तेव्हापासून दोघांना त्या बंदुकांचं वेडच लागलं.

दर रविवारी सकाळी लाकडाच्या वखारीमागच्या लांबट आवारात ते जात. वखारवाला ओळखीचा होता. एका टोकाला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे लोखंडी चौकटीत पुठ्ठ्याचं लक्ष्य, आणि दुसऱ्या टोकाला जुनी गादी पसरून हे दोघे पालथे. जिवावर नेम धरायचा नाही, हा कंपाउंडरचा नियम. छपरावर कबुतरं खुशाल घुमत बसत आणि खाली हे दोघे पुठ्ठ्याशी झुंजत. कंपाउंडर छर्रे घरूनच औषधाच्या तराजूत तोलून आणायचा; ज्याची कड जरा वाकडी, तो बाद. वॉशरचं लक्ष बंदुकीच्या पोटात. वंगण किती, चाप किती हलका, स्प्रिंगला ताण किती, यातच त्याचा जीव रमायचा. नेमात कंपाउंडर सरस, दुरुस्तीत वॉशर, आणि एकमेकांना नावं ठेवण्यात दोघेही तोडीस तोड होते.

मग कंपाउंडरने मोठी बंदूक घेतली. हिच्यात दर बाराला स्प्रिंग दाबायची भानगड नाही. नळीखाली पोलादी टाकी, तिच्यात हातपंपाने हवा कोंबून भरायची. बार काढला नाही तर ती महिनोन् महिने तशीच राहते. टाकीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी डायल, आत किती हवा आहे ते सांगणारी. या बंदुकीवर त्याचा एवढा जीव जडला की वहिनी, म्हणजे त्याची बायको, तिला ‘सवत’च म्हणू लागल्या. ‘सवतीचं तेलपाणी झालं का?’ ‘सवतीला आत घ्या, उन्हाने काळवंडेल.’ कंपाउंडर हसण्यावारी न्यायचा. त्याला मात्र तिचा दणका अजून मोठा हवा होता. वॉशरने परोपरीने सांगितलं की जोर वाढवलास तर ती हवा जास्त खाईल, पंप मारता मारता तुझ्या तोंडाला फेस येईल, आपलं वय काय. पण ऐकतोय कोण. शेवटी वॉशरने आतल्या हातोडीची स्प्रिंग बदलून दिली. छर्रा पुठ्ठ्यामागची फळीही फोडून जाऊ लागला, आणि कंपाउंडर लहान मुलासारखा हरखला.

एका शनिवारी संध्याकाळी कंपाउंडरने पंप मारून बंदूक भरली. घाम पुसत ती कपाटाशेजारच्या कोपऱ्यात उभी केली, ‘उद्यासाठी भरून ठेवलीय,’ असं वहिनींना सांगितलं आणि खुर्चीत टेकला. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलंच होतं, जिना चढतानाही झालं असतं. वॉशर त्या वेळी बहिणीकडे परगावी गेला होता. सगळं उरकल्यावर पोहोचला. चेहराही बघायला मिळाला नाही. डॉक्टरांचं वाक्य त्याला वहिनींनीच सांगितलं, आणि का सांगितलं तेही त्याला समजलं. त्या स्प्रिंगवरून वहिनींनी त्याला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. त्या बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतर वहिनींचं आणि सवतीचं सूत जमलं. रोज सकाळी फडक्याने तिला पुसायच्या, डायल बघायच्या. आत कंपाउंडरने भरलेली हवा होती. त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या छातीचा भाता करून भरलेली. कपडे देऊन टाकले, चष्मा लेकीने नेला, खुर्चीवर पाहुणे बसून गेले. पण ही हवा कोणी वापरली नव्हती. वॉशर अधूनमधून जायचा. बंदुकीकडे बघायचं टाळायचा आणि पुन्हा पुन्हा तिकडेच बघायचा. नळीत छर्रा नाही ना, एवढं त्याने पहिल्याच भेटीत तपासून घेतलं होतं.

पुढे एकदा वहिनींनी त्याला बोलावून घेतलं. दार उघडताच म्हणाल्या, ‘भाऊजी, हे कमी होतायत.’

त्याला क्षणभर काही कळेना. त्यांनी त्याला कोपऱ्यात नेऊन डायल दाखवली. काचेवर नेलपॉलिशच्या बारीक लाल रेघा होत्या, एकीखाली एक. काटा जिथे दिसला तिथे त्यांनी खूण केली होती, आणि काटा दर खुणेच्या खाली खाली सरकला होता. हवा कुठूनतरी झिरपत होती. अशा बंदुकीला हे दुखणं नवीन नाही. आतली रबरी कडी दबते, तिला केसभर चीर पडते, आणि टाकी हळूहळू रिकामी होते. वॉशरने हजारदा केलेलं काम. फक्त ते करायचं तर टाकी उघडावी लागते, आणि टाकी उघडायची तर हवा आधी सोडावी लागते.

‘वॉशर गेलाय,’ तो सवयीने म्हणाला.

‘हवा न काढता होईल ना?’ वहिनींनी विचारलं. त्यांनी बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

नाही होणार, हे त्याला माहीत होतं. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण वहिनींच्या त्या हातांकडे बघून त्याच्या तोंडून शब्द निघाला, ‘बघतो.’

त्याने मनाशी ठरवलं होतं की निदान साबणाचा फेस लावून गळती कुठे आहे ते शोधू. कदाचित डायलच्याच आट्यांतून जात असेल, बाहेरून काही लेप लावून थांबवता येईल. अगदीच नाही जमलं तर बंदूक जशीच्या तशी परत नेऊ आणि खरं काय ते सांगू. हा विचार त्याने रस्ताभर घोकला. खोलीवर आला, दुरुस्तीच्या बाकावर फडकं अंथरलं, बंदूक आडवी ठेवली, आणि साबणाचा ब्रश कुठे गेला ते शोधू लागला.

आता वॉशरचा स्वतःचा एक नियम होता. बाकावर आलेली बंदूक आधी रिकामी करायची, मग तिला हात लावायचा. भरल्या टाकीशी खेळणाऱ्यांची बोटं कशी तुटतात ते त्याने पाहिलं होतं आणि कंपाउंडरसकट सगळ्यांना तो नियम घोटून पाठ करायला लावला होता. स्वतःच्या हाताला तर तो इतका मुरलेला की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. डोळे फळीवर ब्रश शोधत होते आणि उजव्या हाताने हवा सोडायचा स्क्रू ढिला केला. लांबलचक फुसकारा निघाला. हवा सोडताना तो नेहमी काहीतरी पुटपुटायचा, तसंच पुटपुटला, ‘चल, पळ.’ ब्रश सापडला. तो हातात घेऊन वळला तेव्हा फुसकारा संपत आला होता.

त्याने झडप घालून स्क्रू आवळला. काटा तळाला टेकला होता.

त्याने वेड्यासारखा हवेत हात फिरवून बघितला. खोलीत तेलाचा आणि रबराचा नेहमीचा वास होता, बाकी काही नव्हतं. शेवटचं बघायला मिळालं नाही म्हणून इतके दिवस तो झुरत होता, आणि मित्राचं जे काही उरलं होतं ते त्याने पाठ वळवून, ‘चल, पळ’ म्हणत घालवून दिलं होतं. एवढंच बोलला तो त्याच्याशी. वॉशर बाकाशेजारच्या स्टुलावर बसला आणि त्याने स्वतःच्या उजव्या हाताला शिव्या घातल्या, अगदी नावं घेऊन, मोठ्याने.

पुढचं काम सोपं होतं आणि त्याचाच त्याला राग आला. टाकी उघडली, दोष हाताशी आला: एका कडीला केसाएवढी चीर. अगदी पोरखेळ. नवी कडी घातली, वंगणाचं बोट फिरवलं, टाकी बंद केली. भरण्यासाठी त्याच्याकडे मोठं सिलिंडर होतं, नळी जोडून चावी फिरवली की झालं. पण त्याला ते बरोबर वाटेना. त्याने हातपंप काढला. कंपाउंडरने जे हातांनी भरलं ते आपण चावी फिरवून भरायचं, ही चोरी दुप्पट झाली असती. थोडा पंप मारायचा, धापा टाकत थांबायचा, पुन्हा मारायचा. बनियन घामाने चिंब झाला. पंप मारताना पहिल्यांदाच त्याला कळलं की कंपाउंडर त्या संध्याकाळी कशातून गेला असेल. हवा भरताना गरम होते आणि निवली की काटा उतरतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून टाकी थंड होईपर्यंत वाट बघितली, पुन्हा थोडी भरली, पुन्हा थांबला, आणि काटा सगळ्यात खालच्या लाल रेघेवर आणून ठेवला. बरोबर रेघेवर.

बंदूक परत नेताना खरं सांगायची वाक्यं त्याने जुळवली होती. वहिनींनी दार उघडलं, आधी डायल बघितली आणि मग त्याच्याकडे.

‘यांना धक्का नाही ना लागला?’

‘नाही,’ वॉशर म्हणाला.

त्यांनी बंदूक घेतली आणि छातीशी धरली. मग चहा टाकायला गेल्या, आणि स्वयंपाकघरातून त्यांच्या रडण्याचा आवाज आला. ते रडणं सुटकेचं होतं. वॉशरने चहा घेतला. खोटं एकदा चहाबरोबर पोटात गेलं की ते परत काढणं अवघड असतं.

आता या कथेत वॉशरच्या कामाचं कौतुक करायला हवं, कारण तसं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. काटा रेघेवर बसला तो बसला. आठवडे गेले, महिने गेले, तो केसभर हलला नाही. वहिनी सकाळी उठल्या की आधी डायल बघायच्या. मग चहा घेऊन तिथेच समोर बसायच्या, पेपरातली बातमी वाचून दाखवायच्या, लेकीच्या तक्रारी सांगायच्या. हळूहळू बाजारहाट शेजारणीवर सोपवला. कोणाकडे जाणं बंद केलं. गेल्याच तर अर्ध्यातून उठून यायच्या, म्हणायच्या, घरी हे एकटे आहेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना वाटे की बोलायच्या ओघात निघून गेलं. मग त्यांनी एकमेकांकडे बघायला सुरुवात केली.

लेक परगावी नोकरीला. ती आईला न्यायला आली आणि हात चोळत बसून राहिली. शेवटी वॉशरच्या खोलीवर आली. लहानपणी याच स्टुलावर चढून ती तोललेल्या छर्ऱ्यांची डबी उलटी करायची आणि दोघांकडून धपाटे खायची. आता त्याच स्टुलावर बसून, आवाज चढू न देता, तिने सगळं सांगितलं. आई जेवत नाही धड. रात्री दिवा लावून डायल बघते. माझ्याकडे चल म्हटलं तर म्हणते, यांना घेऊन गाडीत बसू देणार आहेत का मला?

‘काका,’ ती म्हणाली, ‘तुम्ही इतकं चांगलं का दुरुस्त केलंत?’

वॉशरने बाकावरचा पाना उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

‘होत होती ती कमी, तर होऊ द्यायची होती. एक दिवस संपली असती. आई रडली असती चार दिवस, आणि उठली असती. आता बाबा जातही नाहीत.’

ती गेल्यावर तिचं बोलणं त्याच्या डोक्यातून जाईना. ज्या गुणासाठी लोकांनी त्याला आयुष्यभर वाखाणलं, त्यानेच घात केला होता. खरं सांगितलं तर वहिनी त्या कोपऱ्यातून उठतील हे त्याला दिसत होतं. पण कशा उठतील तेही दिसत होतं. इतके महिने ज्याच्याशी आपण बोललो तो नवरा नव्हताच, फ्रिजवाल्याच्या धापा होत्या, हे ऐकून माणूस कोणत्या तोंडाने उभं राहील? त्याला भीती वाटत होती. त्यांचं मन मोडण्याची, आणि खोटं कशाला बोला, त्या घराचं दार आपल्याला बंद होण्याचीही. तेवढं एकच दार त्याला होतं.

मग त्याने एक गोष्ट केली जी त्याच्या धंद्यातला कोणीही शपथेवर नाकारेल. एक चांगली, कोरी रबरी कडी घेतली आणि ब्लेडने तिला बारीक चीर पाडली. जपून, भिंगातून बघत. ही कडी आत बसवली की काटा पुन्हा हळूहळू उतरू लागला असता, वहिनींनी रेघा मारल्या असत्या, आणि कंपाउंडर रीतसर, थोडा थोडा गेला असता. वंगण घालायच्या निमित्ताने बंदूक आणायची आणि बिघडवून द्यायची. जन्मभर गळत्या बंद केल्या, आता गळती लावायची. कडी कागदात गुंडाळून त्याने खिशात टाकली आणि वहिनींकडे गेला.

वहिनी त्याचीच वाट बघत होत्या. धुतलेलं पातळ नेसलेल्या होत्या, केस विंचरलेले होते. बंदूक जेवणाच्या टेबलावर होती, शेजारी तोललेल्या छर्ऱ्यांची डबी. लेक भिंतीला टेकून उभी होती आणि तिलाही यातलं काही कळलेलं दिसत नव्हतं.

‘भाऊजी, मला बार काढायला शिकवा,’ वहिनी म्हणाल्या.

मग त्या सावकाश बोलत राहिल्या. म्हणाल्या की लेक काल चिडून झोपली आणि मी रात्रभर यांच्यासमोर बसले. बसल्या बसल्या आठवलं, हे काय म्हणाले होते. उद्यासाठी भरून ठेवलीय म्हणाले होते. माझ्यासाठी भरून ठेवलीय असं म्हणाले नव्हते. ती हवा उडवायची होती, रविवारी, वखारीत. तो त्यांचा उद्या मी या कोपऱ्यात कोंडून ठेवला. इतकी वर्षं मी तिला सवत म्हणत आले आणि शेवटी मीच तिला धरून बसले.

‘होईल ना तुमच्याने?’ त्यांनी विचारलं.

‘बघतो,’ तो म्हणाला. खिशातल्या कडीवर त्याची मूठ आवळली होती.

रविवारी सकाळी तिघं वखारीमागे गेली. गादी झटकून पसरली. वॉशरने पुठ्ठा लावला, बंदुकीत छर्रा भरून दिला, दस्ता खांद्यावर कुठे टेकवायचा, गाल कुठे ठेवायचा, चाप ओढायचा नाही तर हलकेच दाबत न्यायचा, सगळं सांगितलं. वहिनी आधी पालथं झोपायला लाजल्या, मग पदर खोचून झोपल्या. पहिला बार निघाला आणि छपरावरची कबुतरं उडाली. छर्रा बांधात कुठेतरी गेला. वहिनी बंदुकीवर डोकं टेकून काही वेळ तशाच पडून राहिल्या, आणि खांदे हलायला लागले. लेक पुढे झाली, तर बघते तो काय, आई हसत होती.

‘एवढ्याशा या आवाजासाठी माझे सगळे रविवार खाल्ले यांनी,’ त्या म्हणाल्या.

मग त्या बार काढतच गेल्या. दर बाराला नवऱ्याशी भांडत होत्या. हा चहा न पिता गेलात म्हणून. हा मला कधी इथे आणलं नाहीत म्हणून. हा त्या स्प्रिंगसाठी, भाऊजी नको म्हणत होते तरी. शेवटच्या शेवटच्यांना नुसतंच ‘हा घ्या’ म्हणू लागल्या, आणि आवाज बसला. छर्रे पुठ्ठ्यात लागू लागले. लेकीने एक बार काढला आणि डोळे मिटून काढला, तो चौकटीवर टण्णकन आपटला. काटा शेवटची लाल रेघ मागे टाकून कधीच खाली गेला होता. दणका कमी होत होता. वॉशर छर्रे भरून देत होता आणि त्याला वहिनींच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्या मोकळ्या होत होत्या, डोळ्यांदेखत. त्याने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मिटलं. आता खरं सांगणं म्हणजे त्यांचा नवरा त्यांच्यापासून दुसऱ्यांदा काढून घेणं होतं, आणि तेवढी त्याची छाती नव्हती.

‘आता एखादाच बार होईल,’ तो म्हणाला.

वहिनी उठून बसल्या. साडीची माती झटकली आणि बंदूक त्याच्याकडे धरली.

‘तो तुम्ही काढा. तुमची त्यांची भेट राहिली होती ना? घ्या भेटून.’

‘तुम्हीच काढा वहिनी.’

‘नाही. तुमचा हक्क आहे. माझं बोलून झालं सगळं.’

तो नको नको म्हणत राहिला. त्यांनी बंदूक त्याच्या हातात दिलीच. मग त्या आणि लेक मागे जाऊन उभ्या राहिल्या, दोघांना एकांत मिळावा म्हणून.

वॉशर पालथा झाला. दस्त्यावर गाल टेकवला. शेजारी गादीची जागा रिकामी होती. त्याने मनात कंपाउंडरला हाक मारून बघितली. तो येणं शक्य नव्हतं. या टाकीत त्याचं काहीही नव्हतं. होता तो आपलाच घाम, आपल्याच धापा, आपलंच खोटं. वहिनींची भेट झाली, लेकीची झाली, आणि ती झाली याच हवेवर. फक्त त्याचीच तेवढी होणार नव्हती, कारण आत कोण आहे ते त्या आवारात त्याला एकट्याला माहीत होतं. त्याने श्वास सोडला आणि चाप दाबला. नुसतं पुटकन वाजलं. हवा संपत आलेल्या बंदुकीचा छर्रा खाली पडतो म्हणून त्याच्या हाताने, सवयीने, नेम थोडा वर धरला होता. छर्रा मधल्या काळ्या ठिपक्यात जाऊन बसला.

वहिनी पुठ्ठ्यापर्यंत चालत गेल्या. वाकून बघितलं, भोकावरून बोट फिरवलं. परत आल्या तेव्हा डोळे भरून वाहत होते, पण चेहरा शांत होता.

‘हा तुमचा नाही, भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘एवढा नेम तुम्हाला कुठे येतोय? हा यांनीच मारला.’

वॉशरला उठताच येईना. तो गादीवर तसाच, तोंड दस्त्यात खुपसून राहिला.

‘हो वहिनी,’ तो म्हणाला. ‘त्यानेच.’

आणि मग त्याला रडू फुटलं. लेक धावत आली, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘रडू दे त्यांना,’ वहिनी तिला म्हणाल्या, ‘केवढे दिवस धरून ठेवलं होतं.’ मित्राचा निरोप घेतल्यावर माणूस रडतो तसाच तो रडतोय, असं त्या दोघींना वाटलं. त्याने त्यांना तसं वाटू दिलं. मग त्या दोघी दोन बाजूंना बसून राहिल्या, त्याचं रडणं आवरेपर्यंत.